देणे आपल्या वाट्यातून असावे

‘मोकळ्या हाताने दिले की पैसा दुपटीने परत येतो, असे सगळीकडे सांगतात. मी तर देतच आले आहे, मग माझ्याच घरात चणचण का?’ हा प्रश्न समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांच्या तोंडी असतो. आपण पुरेसे उदार नाही, किंवा आपले विचारच वाईट म्हणून लक्ष्मी दारातून परतते, अशी शंका विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असते. त्या शंकेपायी माणूस स्वतःला दोष देत बसतो आणि हिशेब पाहायचा राहून जातो. म्हणून एका ताईंचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्यांचे शिवणकामाचे दुकान आहे. हाताला कसब होते, गिऱ्हाईकही भरपूर होते, तरी महिनाअखेरीस दुधाचे बिल थकत असे. एका ऑनलाइन कार्यशाळेत त्यांना सांगण्यात आले होते की मिळकतीचा दहावा हिस्सा दान करावा, रोज सकाळी ‘माझ्याकडे पैसा सहज येत आहे’ असे म्हणावे आणि मनात शंका आणू नये, कारण शंकेनेच पैसा अडतो. त्यांनी ते निष्ठेने केले. काही महिन्यांतच शिलाई मशीनच्या कर्जाचा हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून चुकला, वर दंड बसला, आणि त्या माझ्यासमोर बसून म्हणाल्या, ‘मॅडम, माझीच श्रद्धा कमी पडली असेल.’

श्रद्धेच्या वादात मी शिरले नाही. दुकानात जे काही लिहून ठेवता तेवढे घेऊन या, असे सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनी मापांची वही आणली. छाती, कंबर, बाही, गळ्याची खोली, सारे नीटनेटके लिहिलेले. पानांच्या कोपऱ्यात मात्र पेन्सिलीने ‘बाकी १५०’, ‘बाकी ३००’, ‘अस्तराचे राहिले’ अशा नोंदी होत्या आणि त्यांतल्या कित्येकींपुढे पैसे मिळाल्याची खूण नव्हती. आम्ही दोघींनी बेरीज केली, तेव्हा ती रक्कम कर्जाच्या दोन हप्त्यांहून अधिक भरली. शिवाय त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ४०० रुपये असताना या २५० घेत होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, ‘सगळी ओळखीची माणसं, मागायचं कसं?’

पुढच्या बोलण्यातून कळले की त्या लहान असताना वडिलांचा धंदा बसला होता. सावकाराचा माणूस दारात उभा राहून, चार शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पैसे मागायचा आणि आई मुलांना आतल्या खोलीत घेऊन कडी लावायची. पैसे मागणे म्हणजे समोरच्याची अब्रू काढणे, ही गाठ तेव्हाच बसली असावी. उधारी सोडून देण्यामागे ही भीती होती, आणि बँकेचा संदेश न वाचताच पुसून टाकण्यामागेही तीच होती. पैशाविषयीची मनोवृत्ती बदलायची तर हात या गाठीला घालायला हवा. सकाळच्या वाक्याने ती सैल होत नाही.

चणचणीत असलेल्या माणसाला ‘चांगले विचार कर’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तेच शेतकरी तोडणीआधी, हात आखडलेला असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत जितके मागे पडले, तितके तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर पडले नाहीत. पैशाची काळजीच डोके व्यापून टाकते, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. उदारतेविषयीही पुरावा आहे, पण तो काय सांगतो ते नीट पाहिले पाहिजे. कॅनडातील एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली काही जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले. ज्यांना ते दुसऱ्यासाठी खर्चायचे होते ते संध्याकाळी अधिक आनंदी आढळले आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. या प्रयोगात मोजला गेला तो आनंद. दिलेले डॉलर दुपटीने परत येतात, असे त्यात कोठेही नाही.

ताई वारकरी घरातल्या, म्हणून मी त्यांना तुकोबांची आठवण करून दिली. लोकांची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही कथा त्यांना पाठ होती. त्याआधी धाकट्या कान्होबांच्या वाट्याची खते त्यांनी वेगळी काढून दिली आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची, असे परंपरा सांगते, याकडे मात्र त्यांचे लक्ष गेले नव्हते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘म्हणजे हप्त्याचे पैसे माझे नव्हतेच.’

त्यानंतरचे काम साधे होते, पण त्यांना जड गेले. गल्ला मोजून रोजचा जमाखर्च लिहायचा, हप्त्याची रक्कम आधी बाजूला काढायची, नव्या कामाला निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे. उधारी मागण्याचे वाक्य आम्ही खोलीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले : ‘काकू, मागच्या दोन ब्लाऊजचे राहिलेत, आज द्याल का?’ पहिल्यांदा ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. प्रत्यक्षात बहुतेकींनी ‘अगं, विसरलेच होते’ म्हणत पैसे दिले. दर वाढवल्यावर काही गिऱ्हाईक तुटले, हेही खरे. दान त्यांनी सोडले नाही, ते उरलेल्यातून करू लागल्या. काजे-बटण करायला येणाऱ्या मुलीला रोज संध्याकाळी तासभर कटिंग शिकवणे हे देणे त्यांनी स्वतःहून निवडले. त्या वर्षीच्या लग्नसराईत साधी कामे त्या मुलीने उचलली, तिची मजुरी वाढली आणि ताईंना महागड्या ब्लाऊजची कामे घेता आली. असे देणे पैसा आणते तेव्हा ते विश्वासाच्या आणि कसबाच्या वाटेने आणते, त्याला वेळ लागतो, आणि दर वेळी आणेलच अशी हमी मी कोणालाही देत नाही.

अलीकडच्या भेटीत त्यांनी वही उघडून ठेवली होती. नणंदेने मुलीच्या लग्नासाठी ५० हजार मागितले होते. पूर्वी त्यांनी भिशी मोडून दिले असते आणि वर्षभर मनात धुमसत राहिल्या असत्या. आता म्हणाल्या, ‘वन्सं, १५ हजार देता येतील, आणि ते परत नकोत, असं सांगून आले.’