मुलगी गणितात कच्ची, पण डेटा सुरक्षेत जायचंय

प्रश्न : मुलगी बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एन्क्रिप्शन, डेटा सुरक्षा यातच करिअर करायचं म्हणते. गणितात मात्र जेमतेम पास होते. क्लासवाले ८० हजार मागताहेत. भरावेत का? – एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तूर्त भरू नका, आणि गणिताची धास्तीही घेऊ नका. एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याच्या, नव्या पद्धती शोधायच्या तर पक्कं गणित हवंच, पण तशी कामं मोजकी. आरएसए ही अशीच एक पद्धत १९७७ सालची, अजून वापरात आहे. आपल्या मुलांना काम मिळतं ते या कुलपांच्या चाव्या सांभाळण्याचं. घोळही तिथेच होतात.

शरणपूर रोडवरच्या एका करसल्लागाराकडे गेलो होतो. खण उघडला तर आत २०-२५ डीएससी टोकन (डिजिटल सहीची चावी साठवणारी, पेनड्राइव्हसारखी उपकरणं), प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर अशिलाचं नाव आणि खाली चक्क पिन! सहीची चावी टोकनमधून बाहेर काढता येऊ नये म्हणून केवढा खटाटोप केलेला असतो. इथे खण ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्यांची कायदेशीर सही.

दुसरं दुखणं मुदतीचं. वेबसाइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र पूर्वी जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायचं. १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राला कमाल २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १००, २०२९च्या मार्चपासून ४७. कॅलेंडरवर खूण करून नूतनीकरण करणाऱ्यांचे दिवस भरले. कोणतं प्रमाणपत्र कुठल्या सर्व्हरवर आहे याची नोंद ठेवून ते आपोआप बदलण्याची सोय लावणारं माणूस कंपन्यांना लागणारच.

तेव्हा क्लासऐवजी तिला एक डोमेन (वेबसाइटचं नाव) आणि छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन द्या. फीच्या मानाने खर्च किरकोळ. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. ते बसवून आपोआप नूतनीकरण लावू दे. मग घरातल्या फोटोंचा बॅकअप एन्क्रिप्ट करून चावी वेगळीकडे ठेवायला सांगा, आणि महिन्याभराने तो दुसऱ्या लॅपटॉपवर उघडायला लावा. मूळ फोटो तेवढे जागच्या जागी राहू द्या! पहिल्या खेपेला बहुधा उघडणार नाही. का उघडला नाही हे शोधत ती रात्री जागते की लॅपटॉप मिटून झोपते, एवढं बघा आणि मग मला लिहा.