शेंगा निवडायला बसव त्यांना

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तिसावा वाढदिवस, शाळेतल्या मैत्रिणी, हॉस्टेलवाल्या, ऑफिसचं टोळकं, वर दोन चुलतभावंडं. कुणी कुणाला ओळखत नाही आणि तू कॅफेतली वेगळी खोली घ्यावी की घेऊ नये म्हणून रात्र रात्र जागतेयस. शेवटी विचारतेस, "मावशी, या वयात हे सगळं बालिश वाटेल का गं?" त्याचं उत्तर मी देणार नाही. वाढदिवस करायचा हे तुझं ठरलेलं आहे, नाहीतर एवढी यादी केली नसतीस. बोलावलेल्या माणसांचं करायचं काय, तिथं तुझं घोडं अडलंय.

काम दे त्यांना. येईल त्या प्रत्येकाच्या हाताला काम दे.

आता तुझी यादी. बोलिंगला एक जण चेंडू टाकतो आणि बाकीचे सोफ्यावर मोबाइल काढून बसतात. कॅराओकेत माइक दोघांच्याच हातात फिरतो. लाजरा माणूस फोन आल्याचं निमित्त करून बाहेर जातो तो केक कापायलाच परत येतो. मातीची भांडी करायला नेलंस तर हाताला काम मिळेल, पण प्रत्येक जण आपापल्या चाकावर मान खाली घालून. शेजारच्याची गरजच पडत नाही. कुलपं-कोडी सोडवून तासाभरात बाहेर पडायचं, ती एस्केप रूम त्यातल्या त्यात बरी, एकाला आकडा दिसतो आणि चावी दुसऱ्याच्या हातात असते. पण तू वीस जणांना बोलावतेयस. ते एका खोलीत मावणार नाहीत, मग गट पडतील आणि ऑफिसवाले ऑफिसवाल्यांबरोबरच जातील.

सिंहगडही लिहिलायस. आतकरवाडीतून चढायचं, वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. मला जीव की प्राण, पण वाढदिवसाला नको. दमाचे पुढं निघून जातात, धापा टाकणारे मागं राहतात आणि उत्सवमूर्ती दोघांच्या मधे येरझाऱ्या घालते.

तुझा वाढदिवस जानेवारीत आहे. जानेवारीत, माझ्या माहेरी शेत असताना, तू कॅफे शोधतेस! पोपटी लाव ना, मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची.

पोपटीत एकट्याचं काही चालत नाही, म्हणून म्हणते. बांधावरून भांबुर्ड्याचा पाला खुडून आणायला चार जण लागतात, त्यातल्या निदान एकाला तो ओळखता आला पाहिजे. वालाच्या शेंगा धुऊन किडक्या बाजूला काढायला सहा जण गोल करून बसव. बटाटे, वांगी, अंडी पुसून ठेवायची. मग मडक्याच्या तळाशी आणि कडेनं पाल्याचा जाड थर, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, परत शेंगा. पाणी नाही, तेल नाही. तोंडाशी पाला असा गच्च ठासायचा की मडकं उपडं केलं तरी एक शेंग खाली पडता कामा नये. ते उपडं ठेवून भोवती पेंढा, पातेरा, लाकडं रचायची. अर्धा-पाऊण तास जाळ राखायचा. वरून पाण्याचा हबका मारला आणि मडकं चर्रकन बोललं की काढायचं. भांबुर्ड्याचा तो उग्र वास शेंगांत उतरतो, केसांत बसतो आणि दोन दिवस जात नाही.

शेंगा निवडताना शेजारच्याचं नाव विचारावं लागत नाही, आपोआप कळतं. "ही घेऊ का टाकू?" इथून सुरुवात होते. 'चला, सगळ्यांनी आपापली ओळख करून द्या' असलं काही करू नकोस, हात जोडते.

जाळ चालू असताना पत्ते काढ. मेंढीकोटाला चौघं लागतात, समोरासमोरचे भिडू. शाळेतलीच्या समोर ऑफिसातला बसव. चारही दश्श्या एका बाजूला आल्या की जो ओरडा होतो, त्यात बॉसबिस कुणी उरत नाही. आठ-दहा जण असले तर झब्बू. ज्यांना पत्ते येत नाहीत त्यांच्यासाठी लगोरी, शेतात जागा आहे. गाण्याच्या भेंड्या लावल्यास तर संघ तू पाड, आणि ओळखीचे दोघे एका संघात टाकू नकोस.

माझ्या वडिलांची साठी हॉलमध्ये झाली. होम, गुरुजी, पंगत, सगळं यथासांग. मेंढीकोटाला त्यांच्यासारखा माणूस आमच्या गावात नव्हता. त्यांचे तिन्ही भिडू आहेराची पाकिटं घेऊन तिसऱ्या रांगेत बसले, जेवले आणि शेवटच्या एसटीनं गेले. वडील सोवळं नेसून पाटावर. त्या दुपारी त्यांच्या हातात कुणी पत्त्यांचा कॅट दिला नाही. पुढं ते चौघं पुन्हा कधी एकत्र बसले नाहीत. मी हेका धरते असं घरात बोलतात ना, तो तिथून धरलाय.

तुझी आई तुला सांगेलच की ही बाई पाहुण्यांना राबवते. हो, राबवते. माझ्या पन्नाशीला सगळ्यांना शेतात बसवलं होतं. धाकटे दीर रेशमी झब्बा घालून आले, त्यांच्या हातात मी पेंढ्याचा भारा दिला. बाहीला ठिणगी लागली आणि भोक पडलं. तेव्हापासून माझ्या कुठल्याही कार्यक्रमाला ते येत नाहीत. नाही तर नाही. वाईट वाटतं, पण त्यांना खुर्ची देऊन एका बाजूला बसवलं असतं तर ते आले काय आणि न आले काय, सारखंच होतं. मी त्यांना घरचं मानलं म्हणून पेंढा दिला.

आता नीट ऐक. बाराच्या ठोक्याला केक, फेस उडवणं, पाठीत लाथा, त्यातलं काही नको. त्या फवाऱ्यात पेटणारा गॅस असतो आणि तिथं जाळ असणार आहे. केक आणायचा तर आण, पण तो कापायला सगळ्यांना रांगेत उभं करू नकोस. शाकाहाऱ्यांचं मडकं वेगळं लाव. कोंबडी केळीच्या पानात बांधून दुसऱ्या मडक्यात जाईल. कांदा-बटाटा न खाणारं कुणी असेल तर आधी सांग. पाण्याच्या दोन बादल्या जाळाजवळ हव्यात. कपडे सुती घालायला सांग, कारण माहीत आहे.

आणि दारूचं मला विचारू नकोस. तुम्ही मोठे आहात, पण मडकं उघडेपर्यंत बाटली उघडायची नाही. एकदा ग्लास हातात आला की शेंगा कोण निवडणार?

वाढदिवस बुधवारी येतोय, तेव्हा शनिवार धर. भावाला मी फोन करते, मडकी तोच पेणच्या बाजारातून आणून ठेवेल. तू फक्त यादीतल्या प्रत्येक नावापुढं एक काम लिहून मला पाठव. नाव आहे आणि काम नाही असा एकही माणूस मला त्यात दिसता कामा नये. माझ्या नावापुढं जाळ लिही. शेंगा मी निवडणार नाही, गुडघे दुखतात.

तुझी,
मावशी