नऊवाली शाळा की सहावाली?

तुम्ही विचारलंय की जुलैत कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटला येतोय, मुलगी तिसरीत बसेल, एका घराच्या शाळेला दहापैकी नऊ गुण आहेत, दुसऱ्या घराच्या शाळेला सहा, आणि नऊवालीच्या हद्दीत भाडं महिन्याला सातशे डॉलर जास्त पडतंय, तर ते द्यावं का. माझं उत्तर: केवळ त्या आकड्यापायी देऊ नका. आम्ही २०२२ मध्ये आलो तेव्हा दिलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. घर शोधायच्या साइटवर शाळेपुढे जो आकडा दिसतो तो मात्र सरकारी नसतो. ग्रेटस्कूल्स नावाची संस्था तो काढते, आणि त्यामागे मुख्यतः राज्याच्या परीक्षेचे निकाल असतात. कॅलिफोर्नियात ही परीक्षा वसंत ऋतूत होते: इंग्रजी आणि गणित तिसरी ते आठवी आणि मग अकरावीला, शिवाय प्राथमिक शाळेत पाचवीला विज्ञान. म्हणजे प्राथमिक शाळेचा आकडा तिसरी, चौथी, पाचवीच्या मुलांवरच उभा असतो. केजी, पहिली, दुसरीच्या बाईंनी मुलांना वाचायला शिकवण्यात केलेली मेहनत त्यात थेट कुठेच मोजली जात नाही. आणि एका इयत्तेत साठ मुलं धरली, तर सहा मुलांच्या निकालाने त्या इयत्तेची टक्केवारी दहाने वरखाली होते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे निकाल आईवडिलांच्या शिक्षणाशी आणि कमाईशी घट्ट बांधलेले असतात. इथल्या नऊ-दहावाल्या शाळांच्या आसपास आपल्यासारखीच, नवराबायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये असलेली घरं खूप. मुलं पाच वर्षांची झाली की गणिताच्या खाजगी क्लासला जातात. त्या क्लासचं फळही शाळेच्याच नावावर जमा होतं. सहावाल्या शाळेत कदाचित नुकतीच देशात आलेली, घरी स्पॅनिश किंवा अफगाणिस्तानातली दरी भाषा बोलणारी मुलं जास्त असतील. तिथल्या बाई कमी शिकवतात असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही.

म्हणून तो आकडा बाजूला ठेवा आणि राज्याचा कॅलिफोर्निया स्कूल डॅशबोर्ड उघडा. तो सगळ्यांना खुला आहे. तिथे निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग दिसतील. रंग ठरवताना या वर्षीची पातळी आणि गेल्या वर्षीपेक्षा झालेला बदल, दोन्ही धरतात. राज्याच्या परीक्षेत इयत्तेनुसार अपेक्षित गुण ठरलेले आहेत (तिसरीच्या गणिताला २४३६), आणि शाळेची मुलं सरासरी त्याच्या किती वर किंवा खाली आहेत ते लिहिलेलं असतं. त्याखाली मुलांचे गट पाडलेले असतात. तुम्ही इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा गट बघा, कारण तुमची मुलगी बहुधा त्यातच धरली जाईल. माझ्या मते, जिथे हा गट दरवर्षी वर चढतोय ती सहावाली शाळा तुमच्यासाठी नऊवालीपेक्षा चांगली.

त्यावरून भाषेच्या फॉर्मचं सांगते. प्रवेशाच्या वेळी विचारतात: मूल आधी कोणती भाषा बोलायला लागलं, घरी कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता. आपल्यातले बरेच जण ‘उगाच लचांड नको’ म्हणून ‘इंग्रजी’ लिहून टाकतात. कृपा करून मराठी लिहा. मग पहिल्या ३० दिवसांत तिची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी चांगलं निघालं तर विषय तिथेच संपतो. कच्चं निघालं तर रोज इंग्रजीसाठी वेगळा वेळ मिळतो, आणि इथल्या शाळेत १२ महिने व्हायच्या आत राज्याची परीक्षा आली तर इंग्रजीच्या पेपरमधून सूट मिळते. गणित मात्र द्यावं लागतं.

गणितात आपली मुलं हुशारच, असं मी धरून चालले होते. तिसरीच्या मार्चमध्ये सरावाचा पेपर लॅपटॉपवर उघडला (तो राज्याच्या साइटवर फुकट मिळतो). लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पाढे तोंडपाठ, गुणाकार झटक्यात. मग संख्यारेषेवर तीन-चतुर्थांश कुठे येतील ते दाखवायचं होतं. तिला अपूर्णांक माहीत होता तो चतकोर भाकरीचा. रेषेवर तो कुठे ठेवायचा हेच कळेना. पुढच्या गणितात उत्तर बरोबर आलं, पण खाली होतं, ‘तुला हे कसं कळलं ते लिही.’ ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, आलं ना उत्तर, आता काय लिहू?” आणि एका बोटाने अक्षरं शोधत बसली. तेव्हा उमगलं की तिला गणित येत होतं, ते सांगायची सवय नव्हती. येण्याआधी दोन गोष्टी करून घ्या: टायपिंग, आणि गणित सोडवताना मोठ्याने बोलणं, मराठीत का होईना.

भीती मात्र घालू नका. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेसारखी इथे गुणवत्ता यादी लागत नाही. वेळेची मर्यादा नसते. निकालपत्रावर चारपैकी एक पातळी येते, आणि ती खालची आली म्हणून वर्ष वाया जात नाही.

एक सावधगिरी. डॅशबोर्डवर गैरहजेरीचाही रंग असतो. वर्षाचे १८० दिवस धरले तर १८ दिवस बुडाले की मूल ‘सतत गैरहजर’ मोजलं जातं. लग्नसराईत महिनाभर भारतात जायचं असेल तर आधी शाळेशी बोला.

आता आमच्या जादा भाड्याचं. करार सही करून शाळेत गेलो तर तिसरीचे वर्ग भरलेले. हद्दीत घर असून मुलीला अडीच मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत पाठवलं, आणि आम्ही वर्षभर त्या आकड्याचं भाडं भरत राहिलो. त्या दुसऱ्या शाळेचे गुण कमी होते. तिथल्या बाईंनी पहिल्या आठवड्यात मला थांबवून विचारलं की हिच्या नावाचा उच्चार नीट कसा करायचा, आणि तीनदा म्हणून बघितला.

तेव्हा करारावर सही करायच्या आधी स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) प्रवेश कार्यालयाला फोन करा, पत्ता सांगा, आणि तिसरीत जागा आहे का ते विचारा. घराचा करार, विजेचं बिल आणि जन्मदाखला लागेल. लसीकरणाच्या कार्डावर कांजिण्यांच्या लशीचे दोन डोस आहेत का ते आजच बघा. आपल्याकडे सरकारी वेळापत्रकात ती लस नसल्यामुळे बऱ्याच मुलांची राहिलेली असते, आणि त्याशिवाय इथे वर्गात बसू देत नाहीत.