वाचकांचे प्रश्न : घरी येणाऱ्या ‘सिस्टर’ची पारख कशी करावी?

प्रश्न : माझ्या ७४ वर्षांच्या आईला अर्धांगवायूच्या झटक्यानंतर नाकातील नळी आणि लघवीची पिशवी लावून घरी सोडले आहे. रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोने ‘सिस्टर’ म्हणून एक बाई पाठवल्या आहेत. स्वभावाने त्या चांगल्या आहेत. पण शिक्षण विचारले की ब्यूरोचे चालक ‘भरपूर अनुभव आहे’ एवढेच सांगतात. अशा ब्यूरोला सरकारी परवाना लागत नाही का? आणि कामाच्या दर्जाची खात्री आम्ही कशी करावी?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी परवान्याविषयी. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. मात्र तो कायदा जिथे रुग्णांना दाखल करून घेतले जाते अशा जागांसाठी आहे, तुमच्या घरातल्या पलंगासाठी नाही. ब्यूरो दाखवतात तो कागद बहुधा दुकाने व आस्थापनांच्या नोंदणीचा असतो आणि त्यावरून एवढेच कळते की हा व्यवसाय अस्तित्वात आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे एक विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते आणि त्यात घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद होती. परंतु ते मंजूर न होताच सतराव्या लोकसभेबरोबर बाद झाले. त्यामुळे ब्यूरोची पारख सरकारने आधीच केली असेल, असे गृहीत धरता येत नाही.

व्यक्तीची पारख मात्र करता येते. परिचारिका म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असावी लागते, मग तिने दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग यांपैकी कोणताही अभ्यासक्रम केलेला असो. नोंदणी क्रमांक मागण्यात अपमान करण्यासारखे काही नाही. खरी परिचारिका तो लगेच सांगते. याशिवाय ‘होम हेल्थ एड’ किंवा ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असे काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या सहायिका असतात, आणि कोणतेही प्रशिक्षण न घेता अनुभवातून शिकलेल्या मावशीही असतात. यांतल्या कोणालाही मी कमी लेखत नाही, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची स्वच्छता ठेवणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे. आक्षेप आहे तो सहायिकेला पांढरा कोट घालून परिचारिकेचे पैसे घेण्याला, आणि त्याहून अधिक तिच्यावर परिचारिकेचे काम टाकण्याला.

तुमच्या आईंच्या बाबतीत ही सीमारेषा नाकातल्या नळीपाशी येते. नळी घालणे किंवा बदलणे हे डॉक्टरांचे वा प्रशिक्षित परिचारिकेचे काम आहे. नळी निसटली तर सहायिकेने ती पुन्हा आत सरकवू नये, कारण ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली आणि त्यातून पेज सोडली गेली, तर प्रसंग जिवावर बेततो. नळीतून अन्न देणे मात्र सहायिकेला आणि घरच्यांनाही शिकता येते. प्रत्येक वेळी नाकपुडीपाशी केलेली नळीवरची खूण जागेवर आहे का ते पाहावे, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी, अन्न झाल्यावर थोडे पाणी सोडून नळी स्वच्छ करावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये. मध्येच ठसका लागला किंवा धाप लागली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावे. गोळ्या कुटून नळीतून देण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला अवश्य विचारावे. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असे छापलेल्या गोळ्यांतले औषध तासन्‌तास हळूहळू सुटावे अशी त्यांची रचना असते, आणि कुटल्यावर ते सगळे एकदम शरीरात उतरते. ही चूक घरोघरी होते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

लघवीची पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. कूस बदलताना ती पलंगावर उचलून ठेवण्याची सवय अनेकांना असते. तिच्यामुळे साठलेली लघवी उलटी वर जाऊन संसर्ग होऊ शकतो. कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी आणि अंघोळ घालताना माकडहाड, टाचा व कुल्हे यांवर लाली आली आहे का ते रोज पाहावे, कारण एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात तिथूनच होते. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलण्यातून सुटका होत नाही.

हे सारे एका वहीत वेळेसह लिहिले गेले पाहिजे : अन्न किती दिले, औषध कोणते दिले, लघवी किती झाली, कूस कधी बदलली. ब्यूरोची बाई सुट्टीवर जाते त्या दिवशी येणाऱ्या बदलीच्या बाईला आदल्या दिवसाचे काहीच ठाऊक नसते. तिला ही वही दाखवल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.

शेवटी ब्यूरोला एकच प्रश्न विचारा : पाठवलेल्या बाईंचे काम तपासायला नोंदणीकृत परिचारिका घरी येते का, आणि किती दिवसांनी? माझ्या मते याचे स्पष्ट आणि लेखी उत्तर देऊ शकणारी संस्थाच रुग्णसेवा देते. बाकीच्या केवळ माणसे मिळवून देतात. ब्यूरो दुसऱ्या प्रकारचा निघाला तर या बाईंना काढून टाकण्याचे कारण नाही. पण मग देखरेखीसाठी एखादी परिचारिका किंवा तुमचे डॉक्टर यांची नियमित भेट तुम्हालाच ठरवावी लागेल.

प्रश्न : मी दुबईत असतो आणि वडील नाशिकला केअरटेकरच्या भरवशावर आहेत. खोलीत कॅमेरा बसवावा का?
— एक वाचक

उत्तर : बसवता येईल, पण दोघांना सांगून. चोरून बसवलेल्या कॅमेऱ्याने विश्वास तर जातोच, शिवाय स्त्रीचे खासगी क्षण टिपले गेल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तो गुन्हा ठरतो. अंघोळ, कपडे बदलणे आणि केअरटेकरची झोपण्याची जागा कॅमेऱ्याबाहेर ठेवा. वडिलांना आपले डायपर बदललेले मुलाने पाहावे असे वाटते का, हेही त्यांना विचारा. कॅमेऱ्यात माकडहाडावरची लाली दिसत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा न सांगता डोकावणारा शेजारी किंवा नातेवाईक अधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : केअरटेकर असूनही सासऱ्यांना पाठीला खोल जखमा झाल्या. ब्यूरो म्हणतो, ‘आम्ही फक्त माणूस पुरवतो.’ दाद कुठे मागावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील उणीव ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते. पावतीवर किंवा जाहिरातीत ‘नर्सिंग सेवा’ असे शब्द असतील, तर ब्यूरोला वरचा बचाव टिकवणे जड जाईल. आधी लेखी नोटीस द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि त्यानेही भागले नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जा. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते; सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. डॉक्टरांनी जखमेची खोली लिहून दिलेला कागद, तारीखवार छायाचित्रे आणि पावत्या जपून ठेवा. तथापि, अतिशय कृश किंवा मधुमेही रुग्णाला नीट काळजी घेऊनही अशी जखम होऊ शकते, हे आयोगापुढे निघणारच, म्हणून हलगर्जी दाखवणारा पुरावा हवा. मारहाण किंवा उपासमारीचा संशय असेल, तर पोलिसांकडे जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

प्रश्न : मी २४ तासांची ड्युटी करते. पेशंट जड आहेत, त्यांना मी एकटीच उचलते. रात्री झोप नाही आणि दिवसा स्वयंपाकही करायला लावतात. इन्सुलिनची सुई दोनदा बोटाला लागली. मी काय मागू शकते?
— एक मावशी, मुंबई

उत्तर : थकलेल्या हातून औषध चुकते आणि पेशंट पडतो, म्हणून तुमची झोप हाही रुग्णसुरक्षेचाच भाग आहे, असे घरच्यांना स्पष्ट सांगा. रोज सलग काही तासांची विश्रांती, आठवड्याची सुट्टी आणि कामांची लेखी यादी मागा. स्वयंपाक करायचा की नाही, ते यादी करतानाच ठरवा. जड माणसाला एकटीने ओढू नका. दोघींनी चादरीच्या साहाय्याने सरकवावे आणि दुसरे माणूस घरचे असले तरी चालेल. हातमोजे, साबण आणि हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा यांचा खर्च घरच्यांनी किंवा ब्यूरोने करावा.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नका. अनेकदा सुई तेव्हाच लागते. ती सरळ जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या. सुई टोचलीच, तर बोट न पिळता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळणारी औषधे सुरू करायची असतील, तर ती शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. आधी दोनदा टोचली आहे, तेव्हा रक्ततपासणी आताच करून घ्या.