घरच्या सर्व्हरसाठी सेकंडहँड हार्डवेअर रेड कार्ड घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की जुन्या डेस्कटॉपमध्ये 4 टीबीच्या चार डिस्क बसवून फोटो आणि बॅकअपसाठी सर्व्हर करायचा आहे, वापरलेलं डेल पर्क एच710 हे रेड कार्ड (अनेक डिस्क जोडून एकत्र चालवणारं कार्ड) स्वस्तात मिळतंय, तर ते घेऊन रेड 5 (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशी मांडणी) करावं का.

माझं स्पष्ट मत: घेऊ नका. आधी मदरबोर्डवरचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) मोजा. सहा असतील तर चार डिस्क आणि सिस्टिमची एक एसएसडी त्यातच बसते, कुठलंच कार्ड लागत नाही. लिनक्सच्या एमडीएडीएमवर किंवा झेडएफएसवर (सॉफ्टवेअरनेच डिस्क एकत्र चालवणाऱ्या सोयी) दोन मिरर जोड्या करा, म्हणजे जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा राहतो. जागा 8 टीबी मिळेल, आणि उद्या बोर्ड जळाला तरी त्याच डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावून डेटा वाचता येईल.

अशा कार्डाचा खरा फायदा एकच, तो म्हणजे बॅटरीच्या आधाराने चालणारी राइट कॅश, म्हणजे डिस्कवर जाण्याआधी डेटा थांबतो ती कार्डावरची मेमरी. रेड 5 मध्ये एक छोटा तुकडा लिहायचा तरी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली जादा माहिती) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशी चार कामं डिस्कवर पडतात. एच710 वरची 512 एमबी कॅश हे ओझं झेलते आणि वीज गेली तर बॅटरीच्या आधाराने त्या कॅशमधला डेटा वाचतो. पण वापरलेल्या कार्डाची बॅटरी बहुतेक वेळा संपलेली असते. बॅटरी नाही म्हटल्यावर कार्ड आपोआप राइट-थ्रूवर (कॅशमध्ये न थांबता थेट डिस्कवर लिहिणं) येतं आणि लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. मग लोक सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी नसतानाही राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर लिहिणं) सक्तीने चालू करतात. ते अजिबात करू नका. वीज गेली की कॅशमधला डेटा जातो आणि फाइल सिस्टिमला मात्र तो लिहून झाल्याचं आधीच कळवलेलं असतं. बॅटरी चांगली असली तरी यूपीएस हवाच.

दुसरी अडचण म्हणजे कार्ड डिस्क लपवतं. ऑपरेटिंग सिस्टिमला एकच मोठी व्हर्च्युअल डिस्क दिसते. आतली एखादी डिस्क आजारी आहे का हे बघायला स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामला मेगारेड हा प्रकार आणि त्या डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो. एच710 वर डिस्क सरळ सिस्टिमकडे देण्याची सोय डेलच्या मूळ फर्मवेअरमध्ये नाही. म्हणून काही जण एकेका डिस्कचं रेड 0 (जादा प्रत न ठेवणारी मांडणी) करून वर झेडएफएस चढवतात. त्यात दोन्हीकडचे तोटे पदरात पडतात: कॅश मध्ये राहते, आणि डिस्क बदलली की आधी कार्डाच्या मेनूत जाऊन नवं रेड 0 करावं लागतं.

पोर्ट खरोखरच कमी पडत असतील तर एलएसआय 9211-8आय किंवा त्याच एसएएस2008 चिपचं कार्ड आयटी मोडच्या फर्मवेअरसह घ्या. ते फक्त डिस्क जोडतं, रेड करत नाही. फर्मवेअर 20.00.07.00 आधीच टाकलेलं कार्ड मिळालं तर उत्तम. स्वतः फ्लॅश करणार असाल तर कार्डावरच्या स्टिकरवरचा एसएएस पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आधी लिहून घ्या, आणि जुनं फर्मवेअर पुसल्यावर नवं टाकेपर्यंत मशीन रीस्टार्ट करू नका. फार जुनी, एसएएस1068ई चिपची कार्डं कितीही स्वस्त मिळाली तरी टाळा. त्यांना 2 टीबीच्या पुढची डिस्क पूर्ण दिसत नाही.

बसवताना लोक सगळ्यात जास्त अडकतात ते केबलवर. कार्डाच्या बाजूला एसएफएफ-8087 कनेक्टर आणि डिस्कच्या बाजूला चार साटा, अशी फॉरवर्ड ब्रेकआउट केबल लागते. रिव्हर्स ब्रेकआउट दिसायला हुबेहूब तशीच असते, पण तिच्यावर एकही डिस्क दिसत नाही. कार्डाला पूर्ण आठ लेनचा स्लॉट नसला तरी चिंता नको. पीसीआय एक्स्प्रेस 2.0 च्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे 2 जीबी जातात आणि चार हार्ड डिस्कना ते पुरेसं आहे. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकला हात लाववत नाही इतका तो तापतो, मग डिस्क मधूनच गायब होतात. हीटसिंकवर 40 मिमीचा पंखा बसवाच. डेलचं कार्ड लावल्यावर डेस्कटॉप सुरूच होत नसेल, तर कनेक्टरच्या बी5 आणि बी6 या दोन पिनांवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी टेप) लावून बघा, बऱ्याच बोर्डांवर एवढ्याने काम होतं. कार्ड 10 वॉट खातं असं धरलं तरी चोवीस तास चालू ठेवल्यावर वर्षाला सुमारे 88 युनिट होतात, तेही हिशेबात घ्या.

एच710 आधीच घेऊन झालं असेल तर निदान एवढं सांभाळा. मशीन सुरू होताना येणारा कार्डाचा कंट्रोल-आर चा मेनू दिसत नसेल तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू करा. महिन्यातून एकदा कन्सिस्टन्सी चेक (डेटा आणि पॅरिटी जुळतात का याची तपासणी) लावा. स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यातले) 5, 197 आणि 198 या क्रमांकांचे, म्हणजे खराब सेक्टरांचे, आकडे बघत राहा. 199 वाढत असेल तर डिस्कवर नाही, आधी केबलवर संशय घ्या. साध्या डेस्कटॉप डिस्क वापरू नका, कारण खराब सेक्टर वाचण्यासाठी त्या बराच वेळ झगडत बसतात आणि तेवढ्यात कार्ड त्यांना मेलेलं समजून अ‍ॅरेमधून (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटातून) काढून टाकतं. नॅससाठीच्या डिस्क साधारण 7 सेकंदांत माघार घेतात. त्यातही एसएमआर प्रकारच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) टाळा, रिबिल्डमध्ये, म्हणजे बदललेली डिस्क पुन्हा भरताना, त्या फार रखडतात. कार्ड मेलं तर त्याच कुटुंबातलं दुसरं शोधावं लागेल. ते लावल्यावर डिस्क फॉरेन (दुसऱ्या कार्डाच्या) म्हणून दिसतील, तेव्हा इम्पोर्ट निवडा. क्लिअर दाबलंत तर अ‍ॅरेची मांडणी पुसली जाते.

कुठलाही मार्ग घेतलात तरी खरा डेटा टाकण्याआधी एक डिस्क काढून रिबिल्ड करून बघा. 4 टीबीची डिस्क सरासरी 150 एमबी प्रतिसेकंद वेगाने भरायला साधारण साडेसात तास लागतात, वापर चालू असताना त्याहून जास्त. रेड 5 मध्ये तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचल्या जातात आणि त्यातली एक जरी बंद पडली तरी सगळा अ‍ॅरे जातो. म्हणून फोटोंची एक प्रत या मशीनच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवा.