लिनक्स ड्रायव्हरमध्ये स्पार्स (कर्नलचा कोड न चालवता तपासणारं साधन) 'इनकरेक्ट टाइप इन असाइनमेंट' म्हणतो. फोर्स कास्ट (स्पार्सला गप्प करणारं सक्तीचं टाइप-रूपांतर) टाकून वॉर्निंग घालवली तर चालेल का?

नाही, आधी ते फील्ड डिव्हाइसच्या बाइट-क्रमात आहे की सीपीयूच्या, हे डेटाशीटवरून ठरवा आणि टाइप तिथेच, स्ट्रक्टमध्ये दुरुस्त करा. डीएमए डिस्क्रिप्टरमधलं (डिव्हाइस स्वतः मेमरीतून वाचतं त्या नोंदीतलं) लिटल-एंडियन (सर्वात कमी किमतीचा बाइट आधी) फील्ड यू३२ (साधा ३२-बिटी आकडा) म्हणून जाहीर केलेलं असतं, खरा घोटाळा बहुतेकदा तिथेच. ते __एलई३२ करा, वाचताना एलई३२_टू_सीपीयू(), लिहिताना सीपीयू_टू_एलई३२() वापरा. जीसीसी कंपायलरला हे दोन्ही टाइप सारखेच दिसतात, फरक फक्त स्पार्सला कळतो. शिवाय एक्स८६वर ही रूपांतरं काहीच करत नाहीत, त्यामुळे चूक तुमच्या लॅपटॉपवर दिसणारच नाही. एस३९०सारख्या (आयबीएम मेनफ्रेम) बिग-एंडियन, म्हणजे उलट बाइट-क्रमाच्या मशीनवर मात्र बाइट उलटे पडतील.

एक अपवाद सांभाळा: डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहिणारं राइटएल() हे रूपांतर आतच करतं. त्याला सीपीयू_टू_एलई३२(व्हॅल्यू) दिलंत तर बिग-एंडियनवर बाइट दोनदा उलटतात, म्हणजे होते तिथेच परत. इथे रूपांतर काढून टाकणं हीच दुरुस्ती. फोर्स कास्ट खरोखर लागतो तो __रॉ_राइटएल()सारख्या जागी, जिथे बाइट-क्रम तुम्हीच सांभाळता. आणि तिथे वर कारणाची एक ओळ लिहाच, नाहीतर रिव्ह्यूत कुणीतरी विचारणारच.

तपासणीसाठी 'मेक सी=२' चालवा. सी=१ फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली बघतो, म्हणून पुष्कळांना वाटतं वॉर्निंग गेली! नुसते टाइप बदलले असतील तर एक्स८६वर आधीचं आणि नंतरचं ऑब्जडंप (मशीन कोडची यादी) सारखंच यायला हवं.