आडत्याचा गाळा आणि तुझी लिंक

नेरूळहून एका पंचवीस वर्षांच्या मुलाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यानं लिहिलंय. बी.एस्सी. आयटी झाल्यावर ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये त्यानं दीड वर्ष रात्रपाळी केली आणि राजीनामा दिला. गेले सोळा महिने तो घरी बसून अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करतो, म्हणजे दुसऱ्याच्या मालाची लिंक द्यायची आणि त्यावरून विक्री झाली की कमिशन घ्यायचं. घरगुती उपकरणांची माहिती देणारी एक साइट आहे आणि टेलिग्रामवर रोजच्या ऑफरचं एक चॅनल. सोळा महिन्यांत कमाई ४१,३०० रुपये, खर्च ३८,००० रुपये. त्यातले २५,००० एका कोर्सचे. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत आणि रोज एकच म्हणतात, ‘कुठंतरी चिकट रे.’ त्याचा प्रश्न असा: ‘रोज तीच लोकल, साहेबाची बोलणी, साठीनंतर आराम, असलं आयुष्य मला नको. हे चूक आहे का? आणि अजून किती दिवस तग धरू?’

मित्रा,

तुझा पहिला प्रश्न चूक नाही. कामानं माणसाचं किती आयुष्य घ्यावं, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून विचारलं गेलंय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सततच्या मागणीनंतर १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. तीही कुणी आपणहून दिली नव्हती. तेव्हा ‘असं का जगायचं?’ असं विचारणारा मुलगा आळशी ठरत नाही.

पण पत्रात तू दोन प्रश्नांची गाठ मारली आहेस. नोकरी नकोशी का झाली, हा एक. पोट कशावर भरायचं, हा दुसरा. नोकरीचा सगळा राग तू या साइटवर लादलास. आता ती बंद करायची वेळ आली तर तुला वाटणार, साहेब जिंकला. म्हणून आकडे समोर असूनही तू ते बघत नाहीस.

वडिलांचं ‘चिकट’ कुठून येतं, तेही समजून घे. तू लिहिलंयस की आजोबाही हमालच होते, मशीद बंदरला. त्या काळी हमालाचं नाव कुठल्या रजिस्टरात नसायचं. माल आला तर मजुरी, पाठ धरली तर घरी. अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, मग बोर्ड, नोंद, प्रॉव्हिडंट फंड, दवाखाना हे सगळं आलं. तुझे वडील त्या नोंदीवर उभे राहिले. तू जिला गुलामी म्हणतोस, ती नोंद त्यांच्या आधीच्या पिढीनं लढून मिळवलेली गोष्ट आहे. आणि आज तुझी अवस्था आजोबांसारखी आहे: नाव नाही, फंड नाही, आणि उद्या खातं बंद झालं तर दाद मागायला मुकादमसुद्धा नाही. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. वडिलांना काय दिसतं, ते तुला दिसावं म्हणून लिहितोय.

आता धंद्याकडे येऊ. अ‍ॅफिलिएट हा शब्द नवा आहे, काम जुनं आहे. अ‍ॅमेझॉननं १९९६ मध्ये ही योजना सुरू केली, पण वडिलांच्या मार्केटात तेच काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं: माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसरा, मध्ये आडत्या आणि त्याची आडत. तू आडत्या आहेस. फरक एवढाच की आडत्याकडे स्वतःचा गाळा असतो. तो शेतकऱ्याला नावानं ओळखतो, घेणाऱ्यालाही ओळखतो. तुझ्याकडे गाळा नाही, तू दुसऱ्याच्या ओट्यावर पाटी मांडून बसलायस. तुझ्या लिंकवर आलेल्या माणसानं चोवीस तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली नाही, तर अ‍ॅमेझॉनच्या दृष्टीनं तो तुझा गिऱ्हाईक नाही. वस्तू परत गेली की कमिशनही गेलं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत त्यांनी फर्निचरसारख्या मालावरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं, तेव्हा त्यावर घर चालवणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. मार्च २०२४ मध्ये गूगलनं शोधाची पद्धत बदलली, त्यात कितीतरी छोट्या साइट्सचे वाचक झपाट्यानं घटले.

साधा हिशेब कर. समजा, मिक्सर ३,००० रुपयांचा आणि कमिशन ५ टक्के. एकामागे १५० रुपये. महिना १५,००० हवे असतील तर शंभर मिक्सर विकले गेले पाहिजेत. शंभर क्लिकमागे तीन जण घेतात असं धर, म्हणजे महिन्याला तीन हजारांवर क्लिक. तुझ्या साइटवर आजवर सगळ्यात चांगल्या महिन्यात चारशे आले. टेलिग्रामच्या चॅनलवर तू रोज पाच तास देतोस, पण तिथं लोक स्वस्ताईसाठी येतात, तुझ्यासाठी नाही. दुसऱ्या चॅनलवर दहा रुपये कमी दिसले की जातील. ते चॅनल बंद कर असं मी स्पष्ट सांगतो.

आणि आता पत्रातली ती दोन वाक्यं, जी तू जाता जाता लिहिलीस. मी तीनदा वाचली. तू तीनशे रुपयांचा मीटर घेऊन घरच्या नळाचं पाणी तपासलंस, मग वाशीत, सीवूड्सला, बेलापूरला नातेवाइकांकडे. सगळीकडे विरघळलेले क्षार लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत निघाले. त्यावर मराठीत एक पान लिहिलंस: मोरबे धरणाचं पाणी येत असेल तर क्षार काढणाऱ्या आरओ यंत्रावर पंधरा हजार घालू नका, जंतू मारणारा साधा यूव्ही फिल्टर पुरतो. त्या एका पानानं सोळा महिन्यांतली जवळपास निम्मी कमाई दिली, आणि तू त्याला ‘नशीब’ म्हणतोस.

नशीब कसलं! खालापूरजवळचं मोरबे धरण आपल्या महापालिकेच्या मालकीचं आहे, हे नवी मुंबईत अनेकांना माहीत असतं. पण त्या पाण्याला कुठला फिल्टर लागतो, हे कुणी मोजून सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं की लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथं आरओवर बंदी आणा, कारण ही यंत्रं बरंच पाणी वाया घालवतात. तू महागडी वस्तू घेऊ नका म्हणालास, म्हणून लोकांनी तुझ्या शब्दावर स्वस्त वस्तू घेतली. बाकीची तुझी साठ पानं मी उघडून पाहिली. ती कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवलेली आहेत. ते मिक्सर तू हातात घेतलेले नाहीस आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

म्हणजे चिकाटी ठेवायची ती इथं. नेरूळ-पनवेल पट्ट्यातलं घरचं पाणी, टाक्या, फिल्टर, त्यांची देखभाल एवढाच विषय घे. वर्षभरात असं तपासून लिहिलेलं तीस-पस्तीस पानांचं काम उभं राहील. वाचणाऱ्यांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीनं घे, फिल्टरची कॅन्डल बदलायची आठवण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. सेक्टरातल्या दोन-तीन प्रामाणिक फिल्टर दुरुस्तीवाल्यांशी थेट बोल आणि पाठवलेल्या गिऱ्हाइकामागे ठरावीक रक्कम लेखी ठरव. हा झाला तुझा गाळा. तिथं चोवीस तासांची अट नाही. मात्र लिंकवर किंवा शिफारशीवर तुला पैसे मिळतात, हे पानाच्या वरच्या बाजूला ठळक लिही. जाहिरातीबाबतचे सरकारी नियमही तेच सांगतात, आणि तू तर विश्वासावरच कमावतोयस.

कोर्सबद्दल. २५,००० गेले ते गेले. पण तू लिहिलंस की पैसे वसूल करायला तुला तीन जण आणायला सांगितलं आणि तू दोन मित्र आणलेस. माणसं जोडण्याचेच पैसे मिळतात तिथं विकला जाणारा माल म्हणजे माणूसच असतो. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनी अशा साखळीला मनाई केली आहे. त्या दोघांना या आठवड्यात भेट, खरं सांग आणि तुला त्यांच्यामागे मिळालेलं कमिशन परत कर. हप्त्यानं का होईना.

नोकरीचं काय? कर, पण रात्रपाळीची नको. त्या दीड वर्षानं तुझी झोप आणि डोकं दोन्ही खाल्लं, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं, आणि त्याचा राग तू सगळ्याच नोकऱ्यांवर काढतोयस. तुर्भे-महापे पट्ट्यात अशा कितीतरी छोट्या कंपन्या आहेत ज्यांना आपल्या मालाची माहिती सोप्या भाषेत लिहून साइटवर लावणारं माणूस हवं असतं. सोळा महिन्यांत तू हेच शिकलास. बायोडाटात ते रिकामं वर्ष म्हणून दाखवू नकोस. दिवसाची पाळी, प्रॉव्हिडंट फंड, आणि साइटला सकाळचे दोन तास व रविवार. पगारातून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनाम्याचा विचार करू नकोस. साइट लागोपाठ सहा महिने पगाराच्या निम्मं देऊ लागली की मला पुन्हा लिही, तेव्हा नोकरी सोडायची की नाही ते बोलू.

किरकोळ वाटेल पण महत्त्वाचं: कमिशनवर कर कापला गेलाय का, ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघ. तुझं उत्पन्न मर्यादेखाली आहे, रिटर्न भरलंस तर कापलेलं परत मिळेल. हे व्यवसायाचं उत्पन्न आहे आणि कमिशनला खर्चाचा हिशेब न ठेवता ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची सवलत लागू होत नाही, म्हणून एकदा सीएला दाखव. डोमेनची, होस्टिंगची बिलं जपून ठेव.

वडिलांशी मात्र भांडणाच्या सुरात बोलू नकोस. एकदा पहाटे त्यांच्याबरोबर मार्केटात जा. ट्रक लागतात तेव्हा त्यांच्या टोळीबरोबर उभा राहा, आणि एखाद्या जुन्या आडत्याकडे खराब निघालेल्या कांद्याची तक्रार आली की तो काय करतो ते बघ. घरी आल्यावर वडिलांना ते पाण्याचं पान वाचून दाखव. मराठीत आहे, त्यांना कळेल.

आणि तुझ्या मावशीकडे कळंबोलीच्या पुढे बोअरचं पाणी आहे म्हणालास. तिथं मीटर साडेसहाशेवर गेला होता. तो आकडा पानावर नाहीये. तिथल्या लोकांना आरओ खरंच लागतो, तो आधी घाल.